उसाच्या फडातली पाचवी

यंदाही पौष लागला आणि सकाळी पूजेला बसलो असता ताम्हनातल्या पाण्यावर एक काळी काडी येऊन तरंगली. पाचटाची राख. कुठल्या तरी शिवारात ऊस तुटला, मागे राहिलेले पाचट कुणी पेटवले आणि त्याचा हा उचलू गेल्यास बोटातच मोडणारा अवशेष वाऱ्यावर बसून माझ्या देवघरापर्यंत आला. मी दर्भाच्या टोकाने ती काडी काढली, पाणी बदलले आणि पुन्हा आचमन केले. पण चित्त काही पुन्हा बसले नाही.

कृष्णा आणि येरळा यांच्या मधल्या या मुलखात हिवाळा म्हणजे ऊस. पहाटे कारखान्याचा भोंगा माझ्या संध्येची वेळ सांगतो. रस्त्याने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर डुलत जातात, वळणावर चार कांडी सांडतात. मळीचा आंबूस वास हवेत असा मुरतो की चैत्रापर्यंत निघत नाही. वाळत घातलेल्या सोवळ्यावर, तुळशीच्या पानांवर, झाकायच्या राहिलेल्या दुधावर काजळी बसते. अजून न तुटलेल्या उसाला पांढरे तुरे येतात. पहाटेच्या धुक्यात ते हलताना पाहिले की वाटते, असंख्य चवऱ्या कुणावर तरी ढाळल्या जात आहेत आणि मूर्ती मात्र दिसत नाही.

पूर्वी मला हा ऋतू फार आवडे. गेली काही वर्षे मात्र ती काळी काडी दिसली की मला राखेआधी दिवा आठवतो. कणकेचा, तुपाच्या वातीचा, अंगठ्याने दाबून केलेला छोटा दिवा.

लहानपणी मी वाईला, कृष्णेच्या घाटावरच्या पाठशाळेत शिकलो. तेथे पाठांतराइतकाच एक धडा रोज गिरवावा लागे. स्वयंपाक झाला की आपण जेवण्याआधी अन्नाचे काही घास बाहेर नेऊन ठेवायचे. गाईला, कावळ्याला, कुत्र्याला, मुंगीला, आणि ज्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत अशा सगळ्या भूतमात्रांना. घास ठेवायचा, भोवती पाणी फिरवायचे आणि मागे न पाहता परत यायचे. मला हे फार अवघड जाई. आपला घास कोण खातो हे पाहावेसे वाटे. एकदा मी दाराआड उभा राहून पाहत होतो. आमचे गुरुजी मागून आले आणि कान न पिरगळता, अगदी शांतपणे म्हणाले, "तू पाहतो आहेस, तोवर तो घास तुझाच आहे." या वाक्याचा अर्थ मला कळला आहे, असे मी पुढे आयुष्यभर समजत होतो.

आमच्या गावाच्या मावळतीला, ओढ्यापलीकडे, एक वसाहत आहे. वारणेच्या वरच्या खोऱ्यात चांदोलीचे अभयारण्य झाले, तेव्हा तेथून उठवलेल्या काही गावांतली माणसे इकडे पलूसच्या बाजूला आणून वसवली. तुकाबाई त्यांतली. तेव्हा ती तरुण सून होती. आज माझ्याच वयाची, वाकलेली, पण नजरेने धारदार म्हातारी आहे. आली तेव्हा या माणसांना आमच्याकडचे लोक 'जंगलातली' म्हणत. त्यांची बोली थोडी निराळी, अंगावर नाचणीच्या भाकरीचा वास, आणि सोबत एक देवी. वाघजाई. वाकळेत गुंडाळून ट्रकमधून आणलेली, शेंदराने गोल झालेली एक शिळा. वसाहतीच्या कडेला, नव्याने लावलेल्या लिंबाच्या रोपाखाली तिची स्थापना करायला मला बोलावले होते. मंत्र झाले, नारळ फुटला, प्रसाद वाटला. मग तुकाबाईने पदर सावरत विचारले, "गुरुजी, देवी तर बसली. आता हिचा वाघ कुठं बसवायचा? हितं तर झाड म्हणून न्हाई."

सगळे हसले. मीही हसत म्हणालो, "देवी आली आहे, तर तिचे वाहन तिच्यामागे येईलच."

बोलून गेलो. पुढे पाइपलाइनचे पाणी आले, पाण्यामागे ऊस आला, आणि त्या उघड्या माळावर पुरुषभर उंचीचे, घनदाट, वाट न सापडणारे एक हिरवे अरण्य उभे राहिले. बिबट्यांना अभयारण्याची हद्द कुणी दाखवली नव्हती. ते उसात आले, उसात राहिले. आता त्यांच्या कितीतरी पिढ्या अशा आहेत की ज्यांनी डोंगर पाहिलेलाच नाही. त्यांच्या लेखी ऊस हेच वन.

आमच्या गावावरून सागरेश्वराचा डोंगर दिसतो. तेथेही अभयारण्य आहे, कुंपण आहे. उन्हाळ्यात ते कुंपण ओलांडून सांबरे-चितळे खाली उतरतात आणि उभ्या मक्याचा फडशा पाडतात. या हरणांविषयी आमच्या लोकांना काय वाटते, असे कुणी मला विचारले, तर मी म्हणेन, ते तुम्ही कुठे उभे राहून विचारता त्यावर आहे. श्रावणी सोमवारी देवळाच्या पायरीवर विचारा. मनुष्य हात जोडून म्हणेल, "महादेवाची हरणं ती, त्येंच्यावर काठी उगारायची न्हाई." तोच मनुष्य वैशाखात बांधावर भेटेल आणि म्हणेल, "पाळायची सरकारनं आन् चारायची आमी! ह्यो कुठला न्याव?" मला या दोन उत्तरांत लबाडी कधीच दिसली नाही. दोन्ही वेळा तो खरेच बोलत असतो. भक्ती आणि भीती या एकाच घरात नांदणाऱ्या जावा आहेत. चूल निराळी, अंगण एक.

काही वर्षांपूर्वीच्या सुगीतली ती सकाळ. तुकाबाईचा मुलगा सर्जेराव, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला, मोटारसायकल घेऊन माझ्या दारात आला. "गुरुजी, बसा मागं. आईनं बोलावलंय."

"काय झाले?"

"देवीचं वाहन आलंया म्हणती. पिल्लीबी आणलीत संगं."

आम्ही पोहोचलो तेव्हा तुकाबाईच्या घरामागचा फड अर्धा तुटला होता. तोडणीच्या टोळीतल्या बायका कोयते कमरेला खोचून दूर बांधावर उभ्या होत्या. मधोमध पाचटाच्या ढिगात बिबट्याची तीन पिले. डोळे नुकते उघडलेले, निळसर, अजून कशावरही न ठरणारे. अंगावरचे ठिपके ओल्या शाईने टिंबे द्यावीत तसे. आवाज मांजराच्या पिलासारखा, पण त्याहून खरखरीत. तुकाबाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर उकिडवी बसली होती, पदर तोंडाला लावून. तिच्या डोळ्यांत जे होते ते मी लेकीच्या बाळाला प्रथम पाहणाऱ्या आजीच्या डोळ्यांत पाहिले आहे, अन्यत्र नाही.

भोवती माणसे जमली होतीच. "मावशे, बारशाला बोलवायला इसरू नगंस!" एकजण म्हणाला. दुसऱ्याने पुढे जोडले, "आवं, ती कारखान्याची सभासद झालीया आता. ऊस आपला, ऱ्हातीया ती!" हशा पिकला. त्या हशात एकजण सामील नव्हता. शेजारच्या शेताचा बापू. त्याच्या गोठ्यातली गाभण शेळी याच महिन्यात गेली होती. तो काठी टेकून म्हणाला, "हसा गड्या. माझी शेळी वढून नेली तवा हितलं एक माणूस आलं न्हवतं बघायला. आज जत्रा भरलीया."

 

मग वनखात्याची जीप आली. वनरक्षक म्हणून शुभांगी नावाची खंडाळ्याकडची मुलगी होती. तिशीची असेल, खाकी वेष, पायात चिखलाने भरलेले बूट. तिने पिले हाताळून पाहिली, बरी आहेत म्हणाली. द्राक्षे भरायचे एक प्लॅस्टिकचे क्रेट मागवून घेतले, त्यात पाचट अंथरले, पिले ठेवली आणि क्रेट जिथे पिले सापडली तिथेच ठेवले. बांधावरच्या करंजाला छोटा कॅमेरा बांधला. नंतर ती तुकाबाईजवळ येऊन बसली.

"आजी, आई लांब गेलेली नाही. त्या ओढ्यात कुठंतरी बसून आपल्याला बघत असणार. सांज झाली की येईल आणि एकेक करून घेऊन जाईल. आपण फक्त नसायचं."

"नसायचं म्हंजी?"

"म्हणजे माणूस नको, आवाज नको, उजेड नको. क्रेट ठेवायचं आणि मागं फिरायचं. तुम्ही घरात बसा, दार लावून. बापू, तुमच्या शेतातली तोड दोन दिवस थांबवता येईल? ओढ्याकडून यायची तिची वाट तुमच्या उसातनं आहे."

बापू म्हणाला, "बाई, टोळी माझ्या बापाची न्हाई. महिनाभर वाट बघितलीया, उद्या पाळी आलीया. थांबलो तर ऊस वाळंल. तिला सांगा, दुसऱ्या वाटंनं ये म्हणावं."

शुभांगीने पुन्हा विनवले नाही. मला तिचे हे आवडले. समोरच्या माणसाची अडचण खरी आहे, हे तिला समजत होते. निघताना तुकाबाई माझ्याशी हळूच बोलली. ते शब्द माझ्या कानात आजही आहेत. "आवं गुरुजी, ह्येंच्यासाठी आमी घरं सोडली. देव उचलला, चूल उचलली. आन् आता ती माझ्याच दारात आली बाळातपणाला. ही म्हायेरवाशीण न्हवं तर कोण?"

मी म्हणालो, "खरे आहे." आणि देवळाची सांजवात करायची होती म्हणून गावात परतलो.

पुढचे मी पाहिले नाही, ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुकाबाईनेच सांगितले, सरळ, काही न लपवता. कारण लपवण्याजोगे काही केले असे तिला वाटतच नव्हते. आमच्या भागात मूल जन्मले की पाचवीला सटवाई पुजतात. पाटा-वरवंटा मांडायचा, कणकेचे दिवे लावायचे, आणि बाळ-बाळंतिणीला त्या रात्री काळोखात ठेवायचे नाही. सटवाई येते, बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिते. तिला अक्षर दिसले पाहिजे. तिन्हीसांजेला तुकाबाई घरात बसली होती, वनरक्षकाने सांगितल्याप्रमाणे, दार लावून. पण बाहेर काळोख दाटू लागला आणि तिच्याने राहवेना. शेजारच्या दोघी-तिघी आल्या. एक म्हणाली, "पाचवी कवाची, कुणाला ठावं?" तुकाबाई म्हणाली, "आपल्या उजेडात आली ती आज. आज करायची." रस्त्याच्या बाजूने काठ्या घेऊन आलेल्या पोरांना अडवायला शुभांगी आणि सर्जेराव गेले होते. घरामागच्या वाटेने या बायका फडात उतरल्या. क्रेटसमोर एक दगड मांडला, हळदकुंकू वाहिले आणि पाच दिवे लावून ठेवले. वाऱ्याने विझू नयेत म्हणून मातीचा आडोसा केला. तूप भरपूर घातले होते. ते दिवे फार वेळ जळले.

"लेकुरवाळीची लेकरं अंधारात कशी टाकायची, गुरुजी?" तुकाबाईने मला विचारले. तिचा चेहरा समाधानी होता. "येऊन बघंल, तर तिला कळंल, हितं कोन तरी आपलं हाय."

पिले क्रेटमध्येच होती.

शुभांगीने करंजावरचा कॅमेरा काढला आणि त्यातले चित्र आम्हाला दाखवले. काळ्या पार्श्वभूमीवर प्रकाशाचे पांढरे ठिपके. पहिल्या दृष्टीस मला वाटले, सात दिवे आहेत. मग नीट पाहिले. पाच खाली, जमिनीलगत, एका ओळीत. दोन मागे, बांधाच्या उंचीवर, जवळजवळ, हिरवट. ते दिवे नव्हते.

ती बांधापर्यंत आली होती. पिले दिसतील, त्यांचा वास येईल, इतकी जवळ. मध्ये फक्त आमची पाचवी होती.

शुभांगी रागावेल असे मला वाटले होते. ती रागावली नाही. बांधावर बसली, गुडघ्यांवर कोपरे टेकून. मग म्हणाली, "आजी, तुम्ही चांगलंच केलं. पण तिला आग म्हणजे पाचट पेटलं असंच कळतं. ती दिव्याला कशी ओळखणार?"

तुकाबाईने ते चित्र पुन्हा मागितले. त्या हिरवट दोन ठिपक्यांवर तिने बोट ठेवले आणि बोट उचललेच नाही.

मला कुणी आधी विचारले नव्हते. विचारले असते तर मी काय सांगितले असते? बालकांची रक्षणकर्ती जी षष्ठीदेवी, म्हणजे आपली सटवाईच, तिचे वाहन मांजर असल्याचे मी पाठशाळेत ऐकले आहे. मार्जारकुळातल्या पिलांची षष्ठी पुजणारी ती अडाणी भासणारी बाई माझ्या मनाला किती शास्त्रसंमत, किती सुंदर वाटली असती! मी तिला नको म्हटले असते, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

वार्ता कशी पसरते ते देव जाणे. त्या दिवशी दुपारनंतर पाच-सात गावांची माणसे येऊ लागली. वाघिणीच्या पिलांची पाचवी झाली, देवीने दर्शन दिले, एवढे पुरले. नारळ आले, हार आले, एका ट्रॉलीत बसून भजनी मंडळ आले. त्यांच्यामागे दुसरी माणसे आली, पत्र्याचे डबे आणि फटाके घेऊन; त्यांना वाघीण गावात शिरेल याचे भय होते. सर्जेरावाने फौजी आवाज लावला, "एक पाऊल पुढं टाकायचं न्हाई!" तर कुणीतरी म्हणाले, "हवालदार, बॉर्डर हाय का ही?" शुभांगीने हात जोडले. लोकांनीही तिला हात जोडले आणि तिच्या बाजूने पुढे गेले. नमस्काराने नमस्काराला असे ओलांडलेले मी आयुष्यात प्रथमच पाहिले. आणि एव्हाना शेजारी बापूचा ऊस आडवा झाला होता. ओढ्यापासून फडापर्यंत उघडी, सपाट, दिवसासारखी मोकळी जमीन.

त्या सांजेला मी तिथे होतो. भजनी मंडळाला परत पाठवायला सर्जेरावाने मला आणले होते, माझे तरी ऐकतील म्हणून. ऐकले त्यांनी, पण जाताना आरती करून गेले. टाळ थांबले तेव्हा ओढ्याच्या बाजूने एक आवाज आला. ओल्या लाकडावर कुणी करवत ओढावी तसा, खोल, थांबून थांबून. क्रेटमधून उत्तर आले, बारीक, खरखरीत. पुन्हा करवत. मग एका पोराने फटाका लावला.

तुकाबाई माझ्या शेजारी उभी होती. तिने डोळे मिटले. "हाक मारती वं ती, गुरुजी," ती म्हणाली, "आन् आपण मधी हुभं."

त्यानंतर तो आवाज आला नाही. पुढच्या सांजेलाही नाही, जरी त्या दिवशी पोलीस आणून रस्ता मोकळा केला होता आणि फडात खरोखरच चिटपाखरू नव्हते. पिले मलूल झाली. बाटलीने पाजलेले दूध त्यांना पुरेना. शेवटी त्यांना लांबच्या शहराजवळ, अशा अनाथ जनावरांना सांभाळतात तिथे नेण्याचे ठरले. जीप निघाली तेव्हा तुकाबाईने घरातून वाकळेचा एक तुकडा आणून क्रेटवर घातला. मी तो ओळखला. याच वाकळेत गुंडाळून तिने देवी आणली होती. बापूही आला होता. क्रेट जीपमध्ये चढवताना एक बाजू त्याने धरली.

पुष्कळ दिवसांनी शुभांगी गस्तीला आली असता वसाहतीत थांबली. मीही तेथेच होतो; तुकाबाईने आम्हा दोघांना चहा केला. पिले जगली होती, वाढली होती. पण माणसाच्या हातून खाऊन वाढलेले जनावर रानात सोडता येत नाही, ते आता तिथेच राहणार, हे तिने समजावून सांगितले. तुकाबाईने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "तितं रातचं दिवा असतो का गं?"

शुभांगीने कप खाली ठेवला. "असतो आजी. पिंजऱ्याबाहेर. रात्रभर असतो."

तुकाबाई कपबशी घेऊन उठली आणि आत गेली. मी लिंबाखालच्या शिळेकडे पाहत बसलो. सटवाईला अक्षर दिसावे म्हणून दिवे लावले होते. तिने त्या उजेडात काय लिहिले, ते असे वाचायला मिळाले.

त्या उन्हाळ्यात एकदा तुकाबाईने मला तिच्या जुन्या गावातली एक रीत सांगितली. बोलता बोलता, कैऱ्या चिरताना. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. त्या दिवशी गुराखी खिरीचा नैवेद्य घेऊन गावाच्या शिवेवर जात. शिवेच्या दगडावर पान मांडायचे. "खा, आन् तुझ्या वाटनं जा," एवढे म्हणायचे. आणि मागे न बघता घरी यायचे. "आमच्या सासऱ्यानं दटावलेलं असायचं. मागं बघितलं तर ती तुझ्यासंगं घरी येईल. तवा वाटायचं, भ्या घालायला सांगत्यात." तिची सुरी थांबली. "गुरुजी, हितं आल्यावर आमी बारस करायची सोडली. शीवच न्हाई, तर पान मांडायचं कुठं? ह्येच्या उसाला त्येचा ऊस लागलेला."

मी वाईच्या त्या दारात पुन्हा एकदा उभा असल्यासारखे मला वाटले. माझ्या गुरुजींचे वाक्य आणि तिच्या सासऱ्याचे वाक्य. मध्ये सह्याद्रीची एक अख्खी रांग, आणि एकाने दुसऱ्याचे नावही ऐकलेले नाही. देवी ट्रकमधून आली. शीव ट्रकमध्ये भरता आली नाही. आम्ही या माणसांना जमीन दिली, पाणी दिले, मीही मंत्र म्हणून देवी बसवून दिली. पण ज्या रेषेवर उभे राहून ती माणसे वाघाला देव म्हणत होती, ती रेषा तिथेच राहिली, जिथे आता कुणी राहत नाही. रेषा नसली की आपल्याला प्रेम करायचा एकच प्रकार उरतो. जवळ जायचे.

आजची गोष्ट सांगून थांबतो. ती काळी काडी ताम्हनात पडली, पूजा झाली, तरी मन लागेना. दुपार कलल्यावर मी ओढा ओलांडून वसाहतीत गेलो. तुकाबाईचा ऊस तुटून गेला आहे. ओढ्यालगतचा एक कोपरा मात्र उभा आहे. दरवर्षी ती तो शेवटपर्यंत ठेवते. वाटेत बापू भेटला. "म्हातारीचा कोपरा बघितला का गुरुजी? कारखान्याला न्हाई, वाघिणीला घालती ऊस," असे म्हणाला आणि हसला. त्याच्या बाजूचीही चार सऱ्यांची पट्टी उभी होती. मी तिकडे पाहिले, तसा तो म्हणाला, "टोळी गेली वं अर्ध्यात. ऱ्हायलं तेवढं." एवढे सांगून तो घाईने निघून गेला.

तिन्हीसांज होत आली. वाघबारस कधीच होऊन गेली होती, तरी तुकाबाईने पितळेच्या वाटीत खीर घेतली, वर पान झाकले. मला म्हणाली, "येता का?" आम्ही दोघे हळूहळू त्या कोपऱ्यापर्यंत गेलो. बांधावर एक दगड होता, शेंदूर नसलेला. तिने पान मांडले, पाणी फिरवले. "खा, आन् तुझ्या वाटनं जा," म्हणाली. आम्ही वळलो.

थोडे अंतर चाललो असू. मागे उसात काहीतरी सळसळले. वारा नव्हता. कुत्रे असेल, रानमांजर असेल. तुकाबाईचे पाऊल थबकले. तिची मान किंचित वळली, इतकी वर्षे जे एकदा पाहायचे राहिले होते त्या दिशेने. मी तिच्याकडे पाहिले नाही. समोरच्या पायवाटेकडे पाहत राहिलो. माझ्या मानेलाही तीच ओढ लागली होती.

मग तिचे पाऊल पुन्हा पडले.

आम्ही अंगणात आलो तेव्हा काळोख झाला होता. घरात दिवा नव्हता, दारातला विजेचा दिवाही नाही, तुळशीपुढे पणती नाही. तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवू नये, लक्ष्मी मागे फिरते, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो आहे. तुकाबाईची सून उंबऱ्यात काडेपेटी घेऊन उभी होती.

"लावू का आत्या?"

"थांब वाईच," तुकाबाई म्हणाली. "तिला जाऊंदे."